हौसाबाईच्या मरणाचे अकरा साक्षीदार

१

हौसाबाई घरत मेल्याची बातमी मला खुद्द त्यांच्या नातवाने आणून दिली. त्या वेळी हौसाबाई आमच्या सोसायटीच्या बाकावर उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"काकू, आजीला मारून टाकलंय कोणीतरी," केतन दारातच म्हणाला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

हा केतन आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. वय एकतीस, बेलापूरला नोकरी, स्वभावाने गरीब. गेल्या वर्षी उरणकडचं घर बंद करून आजीसह करंजाड्यात आला. माझ्याकडे येण्याचं कारण असं, की पनवेलच्या एका हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. माझ्या डोळ्यांदेखत सात मुख्याध्यापक आले आणि गेले, पण शाळेचं जनरल रजिस्टर माझ्याच कपाटात राहिलं. खोटे दाखले घेऊन आलेल्या भल्याभल्यांना मी आल्या पावली परत पाठवलंय. शोभाबाईंच्या टेबलावर थाप चालत नाही, असं अख्खं पनवेल म्हणायचं. मला त्याचा अभिमान होता आणि अजूनही आहे.

मी चष्मा लावला. फोनवर मढवी कुळाचा वंशवृक्ष होता. मढवी म्हणजे हौसाबाईंचं माहेर. त्यांचं गाव विमानतळात गेलं आणि माणसं कामोठे, रोडपाली, करंजाडे अशी पांगली. सगळ्यांना पुन्हा एकत्र बांधावं म्हणून कुळातल्या कोणीतरी एका अ‍ॅपवर हा वृक्ष सुरू केला होता. ज्याने त्याने आपापल्या घरची नावं भरायची, असा बेत. त्यात एक चौकट होती.

'हौसा. वडील धर्मा मढवी. जन्म १ जून १९३८. मृत्यू १९६२. अपत्य नाही. अकरा नातेवाइकांचा दुजोरा.'

"वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, जन्मतारीखसुद्धा बरोबर," केतन म्हणाला आणि आजीचं आधारकार्ड पुढे केलं. त्यावरही १ जून १९३८ होतं. "फक्त मरण चुकीचं आहे. आणि आजीला मुलंच नाहीत म्हटल्यावर माझे बाबा नाहीत, आत्या नाही, मी नाही. आमची फांदीच तोडलीय. मला तर आता वृक्ष उघडतासुद्धा येत नाही. हा फोटो एका मित्राने काढून पाठवला."

"मग कर दुरुस्ती. एवढं तोंड का पाडलंयस?"

"रविवारी मढव्यांचं कुलसंमेलन आहे. हयात असलेल्या सगळ्या माहेरवाशिणींना न्यायला घरोघर मुराळी पाठवलेत. एकवीस जणींची यादी याच वृक्षातून काढलीय. सगळ्यांत मोठ्या लेकीचा मान होणार आहे, माहेरची साडी देऊन. आजी सत्त्याऐंशीची आहे, काकू. मान तिचा आहे. आणि तिच्याकडे मुराळीच आला नाही."

मी खिडकीतून खाली पाहिलं. आज गुरुवार होता आणि हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. मुराळी आल्याशिवाय माहेरी पाऊल टाकायचं नाही, ही त्या पिढीची रीत आणि या बाईचा ताठाही तसाच. भाऊ गेल्यावर माहेरचं येणं-जाणं तुटलं, तेव्हापासून त्या बोलावण्याची वाट पाहत होत्या. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"तुमची फांदी कोणी तोडली, ते कळतं का यात?"

केतनने फोटो खाली सरकवला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'अपत्ये वगळली. परेश मढवी.'

"हा परेश म्हणजे संमेलनाचा मुख्य कार्यकर्ता," केतन म्हणाला. "आणि आजी नसली, तर तो मान कोणाला जातो माहितीये? परेशच्या सख्ख्या आत्याला."

२

परेश मढवी कामोठ्यात गणिताचे क्लास घेतो. आम्ही गेलो तेव्हा तो फळा पुसत होता. माणूस चाळिशीचा, नीटनेटका. मी त्याच्यासमोर थेट फोटो ठेवला.

"हो, मीच काढली ती मुलं," तो म्हणाला. लपवाछपवी नाही, घाम फुटणं नाही. तो चोर निघाला असता तर मला सोपं गेलं असतं, पण तो सरळ बोलला. "दिवाळीच्या सुट्टीत मी सगळा वृक्ष तपासला. जिथे चूक असेल तिथे अ‍ॅप लाल खूण दाखवतं. इथे आई गेलेली १९६२ला आणि मुलगा जन्मलेला १९६४ला. मॅडम, हे कुठलं गणित? मी मुलं काढली आणि खूण गेली."

"आईच्या मरणाचं साल चुकीचं असेल, असं नाही आलं मनात?"

"आलं ना. म्हणून दुजोरा बघितला. अकरा जणांनी होकार दिला होता. शिवाय वर लिहिलेलं होतं, 'जवळच्या कुटुंबीयाने नोंद जोडली.' काढणाऱ्याचं नाव अ‍ॅप दाखवतं, जोडणाऱ्याचं दाखवत नाही. पण घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर मी कोण शंका घेणारा?"

"आणि मान तुमच्या आत्याला मिळाला," केतन तडकून म्हणाला.

परेशचा चेहरा लाल झाला. "आई गेल्यावर त्या आत्याने मला वाढवलंय. तिचा मान झाला तर मला आनंद होईल, लपवत नाही. पण त्यासाठी मी दुसऱ्याची आजी मारीन? माझी आत्याच मला घरात घेणार नाही." मग एकदम थांबून त्याने विचारलं, "एक मिनिट. तुम्ही कोणाबद्दल बोलताय? ही हौसा जिवंत आहे?"

"करंजाड्यात वाल सोलतेय," मी म्हणाले.

तो मटकन बाकावर बसला. मी एकतीस वर्षं माणसांचे चेहरे पाहिलेत, दाखला चोरणाऱ्यांचेही आणि दाखला हरवलेल्यांचेही. हा चेहरा दाखला हरवलेल्याचा होता.

"मुलं मी काढली," तो हळू आवाजात म्हणाला, "पण मरण मी लिहिलं नाही. ते आधीच लिहिलेलं होतं. ते आमच्या कृष्णकांत गुरुजींनी भरलंय. आणि मॅडम, ते खोटं नाही. त्या मरणाच्या वेळी गुरुजी स्वतः तिथे हजर होते."

३

कृष्णकांत मढवी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एकोणसत्तर, मुक्काम रोडपाली. बाल्कनीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. शिक्षक आणि हेडक्लार्क यांचं सहसा पटत नाही, पण त्यांनी मला चहा विचारला आणि मी माफ केलं.

"हौसाआत्या," ते म्हणाले. "माझ्या वडिलांची सख्खी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई आणि मूल दोघंही गेली. मी सहा वर्षांचा होतो. मला ओट्यावरून उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं, ते आजही आठवतं. साल बासष्ट."

केतन काही बोलणार होता. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"गुरुजी, तुमच्या आत्याच्या वडिलांचं नाव?"

"कान्हू. माझे आजोबा."

"धर्मा नव्हे?"

"धर्मा म्हणजे आजोबांचा थोरला भाऊ. त्याचीही एक हौसाच होती. दोघा भावांनी आपापल्या मुलीला मेलेल्या आईचं नाव ठेवलं. एका घरात दोन हौसा. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या, असं माझे वडील सांगायचे."

केतन माझ्याकडे बघायला लागला. मी मात्र गुरुजींकडेच बघत होते.

"जन्मतारीख कुठून मिळाली तुम्हाला?"

गुरुजींची कळी खुलली. गाव उठायच्या आधी शाळेच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो त्यांनी काढून ठेवले होते. मी तर त्या क्षणी उठून त्यांना नमस्कारच करणार होते. त्यांनी फोनवर एक पान उघडलं. पिवळा कागद, बोरूचं अक्षर, सन १९४५. एकाखाली एक दोन ओळी होत्या. 'हौसा कान्हू, जन्म १ जून १९३८.' 'हौसा धर्मा, जन्म १ जून १९३८.'

"दोघी एकाच दिवशी जन्मल्या?" केतनने विचारलं.

मला हसू आवरेना. "अरे बाबा, त्या एकाच दिवशी शाळेत आल्या! पोराची जन्मतारीख कोणाच्या बापाला ठाऊक होती तेव्हा? मास्तर वय विचारायचे, साल अंदाजाने धरायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून ठोकून द्यायचे. माझ्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जूनची आहेत. अर्ध्या महाराष्ट्राचे म्हातारे त्या एकाच दिवशी जन्मलेत."

गुरुजीही हसले. त्यांनीही चिक्कार एक जून लिहिले असणार.

"दोघींची नोंद समोर असून तुम्ही एकीचीच का भरलीत?" मी विचारलं.

"मी माझ्या घरची भरली. धर्माच्या घरचं त्यांनी भरावं. माझ्या भाच्याने फोनवर टाइप करून दिलं, नंतर मी ते अ‍ॅप उघडलेलं नाही."

"पण धर्माची हौसा यादीत नाही, हे तुम्हाला दिसलं असेल ना?"

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. "दिसलं. मला वाटलं, गेली असेल. यादी एवढी तपासून केलेली. नाव नाही म्हणजे माणूस नाही, असं मी धरून चाललो." मग माझ्याकडे बघून विचारलं, "आहे का ती?"

"आहे," केतन म्हणाला, आणि गुरुजींनी डोळ्यांना पंचा लावला.

रिक्षात बसल्यावर केतन उसळून म्हणाला, "म्हणजे कोणीतरी दोन हौसांची एक हौसा केली. कोणी, काकू? सांगा, मी त्याला रविवारी सगळ्यांसमोर उभा करतो."

मला तोपर्यंत नाव कळलं होतं आणि ते सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

४

हा वृक्ष सुरू केला तो रियाने. ही मढव्यांचीच मुलगी, पुण्यात नोकरी करते. कोणती जोडणी कोणी केली, हे फक्त तिलाच दिसतं. शुक्रवारी दुपारी तिला फोन करायचं ठरलं. परेशही क्लास सोडून माझ्याकडे आला होता. फोन लावायच्या आधी मी म्हटलं, "थांबा, आधी मी सांगते, मग ती सांगेल." यात थोडी मिजास होती. पण पोराला मशीनकडून कळण्यापेक्षा माणसाकडून कळावं, हेही होतं.

"वृक्षात आधी दोन हौसा होत्या," मी सुरुवात केली. "गुरुजींची हौसा, जन्म-मरणासकट. आणि धर्माची हौसा, रियाने सुरुवातीला नुसतं नाव टाकलेली असणार. तिला तारीख नव्हती. तारीख नसती तर अ‍ॅपने दोघींना एक म्हटलंच नसतं. मग कोणीतरी धर्माच्या हौसेपुढे १ जून १९३८ लिहिलं. त्याबरोबर अ‍ॅपला वाटलं, तेच नाव, तेच गाव, दिवसापर्यंत तीच तारीख, म्हणजे माणूस एकच. त्या अ‍ॅपला आपल्या मास्तरांचा एक जून काय ठाऊक! त्याने विचारलं, जोडू का? आणि कोणीतरी हो म्हटलं."

"पण कोण?" परेशने विचारलं.

"धर्माच्या हौसेची ती तारीख माहीत असलेली माणसं किती? तुम्हाला माहीत नव्हती, रियाला नव्हती. माहेरी कोणालाच नव्हती, कारण ती तारीख खरी नाहीच, ती नुसती कागदावरची आहे. कागद दोनच. एक रजिस्टर, ते गुरुजींकडे. पण गुरुजींना ठाऊक आहे की हौसा दोन होत्या. ते दोघींना एक कधीच म्हणणार नाहीत. मग उरतो असा माणूस, ज्याला तारीख ठाऊक होती पण दुसरी हौसा ठाऊक नव्हती. दुसरा कागद ज्याच्या घरात आहे तो. आणि अ‍ॅपने तर सांगितलंच होतं, जवळचा कुटुंबीय."

दुसरा कागद म्हणजे आधारकार्ड. ते अजून केतनच्या खिशात होतं.

मी फोन लावला. रियाने शोधून वाचून दाखवलं : "गणेशोत्सवातली जोडणी आहे. केतन घरत यांनी केलीय. त्यानंतर अकरा जणांचा दुजोरा." मग गोंधळून तिने विचारलं, "केतनदादा, तूच ना?"

केतनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गणपतीच्या सुट्टीत बसलो होतो भरायला," तो अडखळत म्हणाला. "आजीची तारीख टाकली. लगेच आलं, कृष्णकांत गुरुजींच्या नोंदीशी जुळतंय, जोडायचं का. मला वाटलं, एकत्र घरात आजी वाढली, काकाच्या नावाखाली दुसऱ्यांदा पडली असेल. गुरुजींनी भरलंय म्हणजे नीटच असणार. खाली काय लिहिलंय ते सरकवून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी तीस-चाळीस वेळा हो म्हटलं असेल मी."

"आणि ते अकरा जण?" परेश स्वतःशीच म्हणाला. "त्यांनी बघितलं, नातवानेच जोडलंय—"

"नाव दिसत नव्हतं. 'जवळचा कुटुंबीय' एवढंच दिसलं आणि तेवढं त्यांना पुरलं," मी म्हटलं. "याने गुरुजींवर विश्वास ठेवला, अकरा जणांनी याच्यावर, तुम्ही अकरा जणांवर आणि गुरुजींनी तुमच्या यादीवर. आमच्या ऑफिसात अकरा झेरॉक्स आणल्या तरी मी म्हणायचे, मूळ प्रत दाखवा. मूळ प्रत इथे खाली बाकावर बसली होती."

रियाने तिथल्या तिथे दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. वृक्षात केतनचे बाबा परत आले, आत्या आली. केतनने त्याकडे पाहिलंही नाही.

"मी आजीला सांगतो," तो उठून म्हणाला. "पण एकट्याने नको जायला, काकू. तुम्ही पण चला."

५

हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नातू पायाशी बसून रडत होता, तरी त्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला नाही.

"मना मेलेली लिवली," त्या शेवटी म्हणाल्या. "बरं. मग आता जिती लिवायला कोन येतंय?"

"मी परवा गाडी घेऊन येतो, आजी," दारात उभा असलेला परेश म्हणाला.

"तू कोन? मी तुला वलखत नाय. मुराली घरचा लागतो. कान्हूकाकाचा नातू किस्ना येऊ दे."

रविवारी सकाळी कृष्णकांत गुरुजी रोडपालीहून स्वतः आले. एकोणसत्तर वर्षांचा मुराळी, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. हौसाबाईंनी त्यांना आधी जेवायला वाढलं आणि मगच पायरी उतरल्या. मला म्हणाल्या, "बाय, तू बी चल. तुज्यामुलं मी जिती जाले." मी वेगळं बोलावणं कशाला मागते! इस्त्रीची साडी नेसून तयारच होते.

पनवेलच्या हॉलमध्ये चारशेच्या वर मढवी जमले होते. भिंतभर वृक्षाचा बॅनर लावला होता. तो आधीच छापून झालेला असल्यामुळे त्यावर हौसाबाई मेलेल्याच होत्या. परेशने माइकवर चूक झाल्याचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात केतनने पुढे होऊन माइक घेतला.

"चूक परेशदादांची नाही," तो म्हणाला. "माझ्या आजीला मेलेली मीच केली. न वाचता हो म्हटलं. मी तिचा सख्खा नातू आहे आणि आम्ही एका घरात राहतो." त्याचा आवाज खाली आला नाही. चारशे माणसांसमोर असं बोलायला छाती लागते. मला तो पोरगा त्या क्षणी माझाच असल्यासारखा वाटला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलंसुद्धा. तेव्हा हौसाबाई खुर्चीतून उठल्या. गुरुजी हात द्यायला गेले, तो त्यांनी बाजूला सारला. एकट्या चालत माइकपाशी गेल्या.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "माजा नातू हाय तो. चुकला, आन चारचौघांत चुकलो म्हनाला. मी त्याला माफ केलाय. पन अकरा घरांनी हो म्हटला, असा मी ऐकलाय. ते अकरा कंचे, मना बघायचेत."

कोणी हललं नाही.

"आमी कुठं र्‍हातो, करंजाड्याला. कामोठ्याशी किती लांब हाय? रोडपालीशी किती लांब हाय? एकानं रिक्षात बसून यायचा व्हता. इचारायचा व्हता, म्हातारी हाय का गेली? मी च्या पाजला असता." त्या दम घ्यायला थांबल्या. "आन ती दुसरी हौसा, कान्हूकाकाची. आमी दोघी एका पाटीवर लिवलाय. गावातल्या पयल्या पोरी आमी शालेत गेलेल्या. ती माज्यापेक्षा हुशार व्हती. हिशेब तिचे बरोबर यायचे, मी तिचे बघून लिवायची. तुमी तिला नुसती मेलेली लिवलीय. ती शिकलेली व्हती, ता बी लिवा."

गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. पहिल्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठला आणि म्हणाला, "आजी, अकरातला एक मी." मग मागून एक बाई उठली. मग एक तरुण जोडपं. मी मोजत होते, सवयच आहे. नऊ झाले. दोघं आले नसावेत किंवा धीर झाला नसावा. नऊही जण पुढे येऊन पाया पडले आणि हौसाबाईंनी प्रत्येकाला नाव, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण विचारलं.

व्यासपीठावर मानाच्या खुर्चीत परेशची आत्या बसली होती. आम्ही पोचायच्या आधीच बायकांनी छापील यादी बघून साडी तिच्या मांडीवर ठेवली होती, हळदीकुंकूही लावून झालं होतं. ती काठी टेकत उठली. परेश धावला, पण तिने त्याला हटकलं आणि साडी छातीशी धरून हौसाबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"अक्का, ही तुजी हाय," ती म्हणाली. "मना उगीच मोठी केली यांनी."

हौसाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "किती वय तुजा?"

"ब्याऐंशी."

"मंग धाकटी हायस. इथं बस, माज्या बाजूला."

परेशने धावत दुसरी खुर्ची आणली. हौसाबाई मानाच्या खुर्चीत बसल्या, साडी खांद्यावर घेतली आणि समोरच्या चारशे माणसांकडे अशा बघायला लागल्या, की बसलेली रांगच्या रांग आपोआप उभी राहिली. मीही उभी राहिले. मढव्यांशी माझं काही नातं नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.